इंटर्नशिपच्या अहवालातून वर्गात शिकवण्याजोगी केस कशी घडवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे इंटर्नशिपचे अहवाल विभागात साठून आहेत, त्यांतून केस स्टडी, म्हणजे चर्चेला घ्यायचे प्रत्यक्ष निर्णयाचे प्रसंग, तयार करून वर्गात वापरायच्या आहेत. कोणते अहवाल निवडायचे, लिहिताना काय बदलायचं, कंपनीच्या परवानगीचं काय आणि तासाला ती केस चालवायची कशी?

अहवाल काम संपल्यावर लिहिला जातो, तेही गुणांसाठी किंवा वरिष्ठांना दाखवण्यासाठी. त्यामुळे त्यात समस्या, उपाय, निष्कर्ष असा सरळ रस्ता दिसतो. फसलेले प्रयत्न, न पटलेली मतं, अपुरी माहिती हे सगळं गाळलेलं असतं. केसला नेमकं तेच लागतं, कारण वाचणाऱ्याला निर्णयाच्या आदल्या दिवशी नेऊन उभं करायचं असतं. म्हणून अहवालाचा सारांश करून खाली चार प्रश्न जोडले की केस होत नाही. तसं केलं तर हाती यशोगाथा येते, आणि ती वाचून विद्यार्थी 'बरोबर आहे' म्हणतात. चर्चा करण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं.

ही वाट नवी नाही. कायद्याच्या शिक्षणात केस पद्धत हार्वर्डमध्ये १८७० नंतर रुजली, व्यवस्थापनात १९२०च्या दशकात आणि अभियांत्रिकीत १९६०च्या दशकात स्टॅनफर्डने तिचा पाठपुरावा केला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९५७ पासून शिक्षणाचं सत्र आणि नोकरीचं सत्र आलटून-पालटून चालतं, आणि तिथे विद्यार्थ्यांच्या कामाच्या अहवालांवरूनच डिझाइनच्या केसेस लिहिण्याचा स्वतंत्र उपक्रम उभा राहिला. कच्चा माल चांगला आहे, प्रश्न प्रक्रियेचा आहे.

निवडीपासून सुरुवात करू. प्रत्येक अहवालाला दहा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका आणि तो उलटा वाचा: आधी परिशिष्टं, मग शिफारशी, शेवटी प्रस्तावना. परिशिष्टात मोजमापांचे तक्ते, ड्रॉइंग, चाचणीचे आलेख असतील तर पुढे वाचण्यात अर्थ आहे. पहिली पंधरा पानं कंपनीचा इतिहास आणि संघटन-तक्ता, पुढे एकेका विभागात काय पाहिलं याची रोजनिशी, असा अहवाल असेल तर बाजूला ठेवा. त्यातून केस निघणार नाही, कितीही घासली तरी. तीन गोष्टी शोधा. एक, कोणाला तरी ठरावीक मुदतीत काहीतरी ठरवायचं होतं का. दोन, किमान दोन पर्याय खरोखर शक्य होते का, म्हणजे दोन्ही बाजूंनी शहाणा माणूस वाद घालू शकेल असे. तीन, त्या निर्णयाच्या मुळाशी तुमच्या एखाद्या विषयातलं गणित आहे का: मशीन डिझाइन, उष्णता वहन, नियंत्रण प्रणाली, काहीही. तिसरी अट सुटली तर ती व्यवस्थापनाची केस होते. तीही उपयोगी असेल, पण तुमच्या तासाला नाही. अहवालाची भाषा आणि मांडणी किती चांगली आहे, याला निवडताना शून्य महत्त्व द्या. गबाळा अहवाल आणि उत्तम कच्चा डेटा ही जोडी सुबक अहवालापेक्षा कितीतरी कामाची.

पुढचं सगळं एका रचलेल्या उदाहरणावर दाखवतो. समजा अहवालात एवढंच आहे: 'पंख्याच्या ब्रॅकेटच्या वेल्डला वारंवार तडे जात होते. ६ मिमीऐवजी १० मिमी जाडीची प्लेट वापरण्याचा निर्णय घेण्यात आला. त्यानंतर समस्या आढळली नाही.' मोटर चार पोलची, ५० हर्ट्झवर चालणारी, वेग मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४. पंखा मोटरला कपलिंगने जोडलेला आणि दोन्ही त्याच ब्रॅकेटवर. परिशिष्टात बंप टेस्टचा आलेख आहे: मशीन बंद ठेवून ब्रॅकेटला हातोडीने ठोका दिला आणि अॅक्सेलरोमीटरवर (कंपन मोजणाऱ्या उपकरणावर) नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ठोका दिल्यावर ब्रॅकेट आपणहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरतो ती संख्या, २६ हर्ट्झ आली.

आलेखाच्या या एका पानात अख्खी केस दडलेली आहे. २४ आणि २६ इतके जवळ आहेत की, अवमंदन गुणोत्तर (कंपन किती लवकर विझतं याचं माप) दोन टक्के धरलं तर, तेवढंच बल स्थिर असताना जेवढं विस्थापन झालं असतं त्याच्या सुमारे साडेसहा पट इथे होतं. वेल्ड कमजोर होता हे निदान म्हणजे अर्धीच गोष्ट. प्लेटची वाकण्यातली दृढता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ६ वरून १० मिमीला गेल्यावर ती ४.६ पट होते आणि वस्तुमान मुख्यतः मोटर-पंख्याचंच असल्याने नैसर्गिक वारंवारता जवळपास २.१५ पट, म्हणजे ५६ हर्ट्झ यायला हवी. कागदावर उत्तम. पण ब्रॅकेट ज्या चौकटीवर बसवलाय तीही थोडी लवते. मूळच्या एकूण लवचिकतेत चौकटीचा वाटा केवळ साडेअकरा टक्के असला, तरी प्लेट जाड केल्यावर वारंवारता ५६ ऐवजी ४७ च्या आसपास अडकते. आणि कपलिंगचं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणं) बिघडलं की कंपनात वेगाच्या दुप्पट, म्हणजे ४८ हर्ट्झचा घटक उठतो. एक अनुनाद (वारंवारता जुळून कंपन वाढणं) चुकवायला जाऊन दुसऱ्याच्या दारात जाण्याची शक्यता अहवालात कुठेच नाही, पण त्याच्याच आकड्यांत आहे.

आता 'त्यानंतर समस्या आढळली नाही' हे वाक्य घ्या. त्यानंतर म्हणजे किती दिवस? जुना ब्रॅकेट साधारण दोन महिन्यांनी तडकत असेल आणि अहवाल बदलानंतर तीन आठवड्यांत जमा झाला असेल, तर तेवढ्या काळात जुनाही तडकला नसता. पंखा अखंड चालत असेल तर तीन आठवड्यांत सुमारे ४.३५ कोटी आवर्तनं होतात, रोज एकच तास चालत असेल तर १८ लाख. धातूच्या थकव्याच्या (पुन्हापुन्हा ताण येऊन तडे जाण्याच्या) दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत, आणि पंखा रोज किती तास चालतो हे अहवालात बहुधा लिहिलेलंच नसतं. 'आढळली नाही', 'सुधारणा झाली', 'समाधानकारक' असे शब्द दिसले की पेन्सिलने खूण करा. विद्यार्थ्याला विचारायचे प्रश्न तिथेच सापडतात.

विद्यार्थ्याची मुलाखत टाळू नका. पाऊण ते एक तास पुरतो, पण ती इंटर्नशिप संपल्यापासून काही आठवड्यांतच घ्या, कारण तपशील फार लवकर विसरले जातात. 'काय केलंत' असं विचारलं की अहवालच पुन्हा ऐकायला मिळतो. त्याऐवजी विचारा: त्या दिवशी तुम्हाला काय माहीत नव्हतं? कोणता उपाय सुचला होता आणि कोणी, कोणत्या कारणाने बाद केला? कामगारांचं मत काय होतं? सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? मशीन किती तास बंद ठेवायची मुभा होती? 'करण्यात आले', 'ठरवण्यात आले' अशी कर्ता गायब असलेली वाक्यं अहवालात भरपूर असतात. प्रत्येकाचा कर्ता शोधून काढा. देखभाल प्रमुखांनी ठरवलं की पुरवठादाराने सुचवलं, यावर वर्गातली चर्चा बदलते. शक्य असेल तर कंपनीतल्या सुपरवायझरशीही अर्धा तास बोला. विद्यार्थ्याला कळलेली कारणं आणि खरी कारणं यांत अनेकदा फरक असतो.

मुलाखतीनंतर एका मोठ्या कागदावर कालरेषा काढा: तारीख, काय घडलं, कोणाला काय माहीत होतं, ही माहिती कुठून आली. त्यावर एक उभी रेघ मारा. तो तुमचा कापण्याचा बिंदू. रेघेच्या डावीकडचं केसमध्ये, उजवीकडचं शिक्षकाकडे. ही शिस्त बहुतेक केसेसमध्ये मोडते, आणि तीही मजकुरात क्वचितच. उपाय फुटतो तो फोटोखालच्या ओळीत ('नवा ब्रॅकेट'), ड्रॉइंगच्या रिव्हिजन क्रमांकात, नाहीतर केसच्या शीर्षकात. 'ब्रॅकेटमधील अनुनाद' असं नाव दिलं की संपलंच. 'पंख्याचा ब्रॅकेट' पुरे.

परवानगीचं काम लिहायला बसण्याआधी सुरू करा. तीन पक्ष असतात: विद्यार्थी, कंपनी आणि तुमची संस्था. अहवालाचा कॉपीराइट कोणाकडे आहे हे देशाच्या कायद्यावर, संस्थेच्या नियमांवर आणि इंटर्नशिपच्या करारावर अवलंबून असतं, तेव्हा करार काढून वाचा. कंपनीकडून दोनदा संमती घ्यावी: आधी केस लिहायला तत्त्वतः, मग अंतिम मजकुरावर सहीनिशी. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: नाव उघड की बदललेलं, वापर फक्त वर्गात की प्रकाशनही, आणि मजकुराची नेमकी कोणती आवृत्ती मान्य केली आहे. सही ज्याला अधिकार आहे त्याची हवी. सुपरवायझरची तोंडी संमती तो नोकरी सोडेपर्यंतच टिकते.

कंपनी नकार देते तेव्हा बऱ्याचदा भीती एकाच आकड्याची किंवा एकाच फोटोची असते. म्हणून नुसतं 'हो का नाही' न विचारता 'यातलं काय काढलं तर चालेल' हे विचारा. नाव बदलल्यामुळे परवानगीची गरज संपते, हा समज मात्र धोक्याचा आहे. गोपनीय माहिती नाव बदलूनही गोपनीयच राहते. नवीन रचना असेल तर पेटंटचा अर्ज झाला आहे का तेही विचारा, कारण अर्जाआधी माहिती जाहीर झाली तर अनेक देशांत नावीन्याची अटच मोडते. अपघात किंवा इजा झालेली प्रकरणं कायदेशीर चौकशी संपेपर्यंत हाताळू नयेत.

ओळख लपवायची असेल तर तपशिलात जा. ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक, मोटरची नेमप्लेट, मागे दिसणारा लोगो, गणवेशाचा रंग, फाइलचं नाव, पीडीएफच्या गुणधर्मांतलं लेखकाचं नाव, मोबाइलच्या फोटोतली स्थळाची नोंद, मजकुरातले मागे राहिलेले बदल. फोटो झाकण्यासाठी वर काळा चौकोन ठेवून भागत नाही, तो उचलता येतो. प्रतिमा सपाट करून नव्याने साठवा. विद्यार्थ्याचं नाव आणि वर्षही काढा, नाहीतर कंपनी पाच मिनिटांत सापडते.

आकडे बदलताना सर्वात जास्त चुका होतात. सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने गुणलं की ओळख लपते आणि भौतिकशास्त्रही कोसळतं. सगळी मापं दुप्पट केली तर छेद-मापांक (वाकण्याचा ताण ज्यावर ठरतो ते छेदाचं माप) आठपट होतो, ताण वेगळाच येतो आणि केसमधला तडा जिथे गेला तिथे जायलाच नको असं गणित सांगतं. जपायची असतात ती गुणोत्तरं. आपल्या उदाहरणात मोटर सहा पोलची, ९६० फेऱ्यांची केली, तर वेग १६ हर्ट्झ झाला. मग २६ च्या जागी १७.३ आणि ४७ च्या जागी ३१.३ यायला हवेत, म्हणजे २४ ला २६ हे प्रमाण तसंच राहतं आणि दुप्पट वेगाचा ३२ हर्ट्झचा सापळाही कायम राहतो. वस्तुमान तेच ठेवलं तर दृढता मूळच्या ४/९ व्हायला हवी. ती जाडी कमी करून साधायची तर प्लेट ४.६ आणि ७.६ मिमीची होते, जी बाजारात मिळतच नाही आणि हुशार विद्यार्थी ते लगेच पकडतो. त्याऐवजी जाडी ६ आणि १० च ठेवा आणि ब्रॅकेटची बाहेर आलेली लांबी सुमारे ३१ टक्के वाढवा. चौकटीची लवचिकताही ब्रॅकेटच्या लवचिकतेइतकीच, म्हणजे ९/४ पट करायची, म्हणजे साडेअकरा टक्क्यांचा तिचा वाटा टिकतो. असं एक तर्कशुद्ध रूपांतर करायला निम्मा दिवस जातो. तो द्या, आणि मूळ ते नवे आकडे असा तक्ता शिक्षकाच्या फाइलमध्ये कुलूपबंद ठेवा.

डेटा द्यायच्या आधी तो प्रश्नाला पुरतो का हे तपासा. वर्णपटातली (कोणत्या वारंवारतेचं कंपन किती, या आलेखातली) दोन शिखरं वेगळी दिसण्याची क्षमता नोंद किती सेकंदांची आहे यावर ठरते: एक सेकंदाची नोंद असेल तर बारकावा १ हर्ट्झचा, अर्ध्या सेकंदाची असेल तर २ हर्ट्झचा. अर्ध्या सेकंदाच्या नोंदीवरून २४ आणि २६ नीट वेगळे करता येत नाहीत, ४७ आणि ४८ तर नाहीच. असा आलेख दिला तर प्रामाणिक विद्यार्थी अडकतो आणि बेफिकीर विद्यार्थी उत्तर काढतो. तसं दिसलं तर विद्यार्थ्याकडून मूळ नोंद मागवा, किंवा ती उणीवच केसमध्ये ठेवून 'पुन्हा मोजायचं का?' हा एक पर्याय बनवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. प्रत्यक्ष कामात हा प्रश्न रोज पडतो.

लिहिताना पाच-सहा पानं आणि परिशिष्टं, एवढी मर्यादा पाळा. पहिल्याच परिच्छेदात कोण, कुठे, कधीपर्यंत, काय ठरवायचं हे आलं पाहिजे. अहवालातलं 'जाडी वाढवण्याचा निर्णय घेण्यात आला' हे वाक्य केसमध्ये असं होईल:

'गुरुवारी दुपारी देखभाल प्रमुखांनी प्रशिक्षणार्थी अभियंत्याला बोलावलं. रविवारी लाइन आठ तास बंद राहणार होती. ब्रॅकेटचं काय करायचं ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ड्रॉइंगसह हवं होतं. तडा चौथ्यांदा गेला होता. स्टोअरमध्ये १० मिमीची प्लेट शिल्लक होती, रबरी माउंट मागवले तर यायला दहा दिवस लागणार होते, आणि पंख्याचं बॅलन्सिंग करायचं तर तो उतरवून बाहेर पाठवावा लागणार होता.'

इथे लेखकाचं मत कुठेही नाही, कोणी मूर्ख नाही, कोणी नायक नाही. प्रत्येक पर्यायाला बाजू आहे: जाड प्लेट झटपट होते, रबरी माउंट नैसर्गिक वारंवारता खाली आणतात पण चालू-बंद होताना ती वारंवारता ओलांडावी लागते, बॅलन्सिंग मूळ बलावरच घाव घालतं पण वेळ खातं. त्यानंतर प्रक्रियेची ओळख, घटनाक्रम, मोजमापं, मर्यादा, आणि शेवटी पुन्हा निर्णयापाशी. सगळं भूतकाळात. थोडी अनावश्यक माहितीही राहू द्या, कारण कामाच्या ठिकाणी ती असतेच. पण चकवा म्हणून खोटी माहिती घुसडू नका. प्रशिक्षणार्थीचं पद तसंच ठेवा. 'माझं कोण ऐकणार' ही अडचण विद्यार्थ्यांना लगेच ओळखीची वाटते.

शिक्षकाची टिपण केससोबतच लिहायला घ्या. ती लिहिता येत नसेल तर केस अजून तयार नाही, असं समजा. तीत शिकण्याची दोन-तीनच उद्दिष्टं, आधी काय येत असायला हवं, पूर्ण सोडवलेलं गणित, अपेक्षित चुकीची उत्तरं आणि त्यांवर विचारायचे प्रश्न, फळ्याची आखणी, वेळेची वाटणी आणि शेवटी प्रत्यक्षात काय झालं, एवढं असावं. चुकीच्या उत्तरांचा भाग सगळ्यात मोलाचा आहे. इथे बहुतेक जण वेल्डचा स्थिर ताण काढतात, तो अनुज्ञेय मर्यादेत येतो, मग वेल्डिंग करणाऱ्याला दोष देतात. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: चारही वेळा तडा त्याच जागी का गेला?

७५ मिनिटांच्या तासात पहिली १५ मिनिटं चार-पाच जणांच्या गटात, मग ४० मिनिटं सगळ्यांची चर्चा, १० मिनिटांत उपसंहार (प्रत्यक्षात काय झालं ते) आणि उरलेला वेळ प्रत्येकाने वैयक्तिक शिफारस लिहून द्यायला. केस आदल्या दिवशी वाचून आणि किमान एक आकडेमोड करून यायची सक्ती ठेवा, नाहीतर गटातली १५ मिनिटं वाचनात जातात. उपसंहार वेगळ्या कागदावर, चर्चेनंतरच वाटा, आणि कंपनीने जे केलं ते आदर्श उत्तर आहे असं सुचवू नका. मूल्यमापनात निवडलेल्या पर्यायाला गुण नकोत. गुण द्या गृहीतकं स्पष्ट लिहिण्याला, आकडेमोडीला आणि 'कोणती माहिती मिळाली तर मी मत बदलेन' या ओळीला.

वर्गात नेण्याआधी विषय जाणणाऱ्या पण या कामाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त केस द्या, टिपण देऊ नका, आणि गणित सोडवायला सांगा. जिथे जिथे ते 'हा आकडा कुठे आहे' असं विचारतील तिथे खूण करा. मग ठरवा: तो आकडा विसरला होता की मुद्दाम गाळला होता. मुद्दाम गाळला असेल तर तो गृहीत धरण्याइतका आधार मजकुरात आहे का?

साठलेल्या अहवालांतून थोड्याच केसेस निघतील. खरा फरक पुढच्या तुकडीच्या सूचनापत्रकाने पडतो. अहवालात कंपनीची माहिती एका पानावर आणा आणि सोडून दिलेल्या पर्यायांसाठी दोन पानं सक्तीची करा. कच्ची मोजमापं तक्त्याच्या फाइलमध्ये, एककं आणि उपकरणाच्या नावासह जमा करून घ्या. फोटोत शेजारी पट्टी ठेवायला सांगा. दर आठवड्याला 'आज काय माहीत नाही' ही एक ओळ लिहून ठेवायला सांगा, मुलाखतीत तिच्याइतकं दुसरं काही कामाला येत नाही. परवानगीचा विषय विद्यार्थी कंपनीत असतानाच, साधारण मध्यावर काढा. तेव्हा सुपरवायझर ओळखीचा असतो आणि उत्तर लवकर मिळतं.

प्रत्येक केसची एकच फोल्डर ठेवा: केस, टिपण, आकड्यांच्या रूपांतराचा तक्ता, सहीचं पत्र, आणि कोणत्या तुकडीत वापरली त्याची नोंद. दर दोन-तीन वर्षांनी त्यात उल्लेखलेल्या मानकांची चालू आवृत्ती तपासा. उपसंहार बाहेर फुटला असल्याचं दिसलं, तर आकडे पुन्हा रूपांतरित करून दुसऱ्या पर्यायाचं पारडं जड होईल अशी आवृत्ती काढता येते. तक्ता जपलेला असेल तर ते एका दुपारचं काम आहे. फक्त सहीचं पत्र एका ठरावीक आवृत्तीसाठी असतं, म्हणून नवी आवृत्ती वापरण्याआधी कंपनीला दाखवून घ्या.